साखर पाहिली, कोयता पाहिला का?

वारणानगरला सहलीच्या गाड्या येतात. पाहुणे साखर कारखाना पाहतात, वारणा बझारमध्ये खरेदी करतात, श्रीखंडाचे डबे घेऊन परततात. तात्यासाहेब कोरे यांनी पन्हाळा तालुक्यातील माळावर सहकाराचे नगर उभे केले, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. गव्हाणीत पडणारा ऊस तोडला कोणी?

कॅरिबियन समुद्रात सेंट किट्स नावाचे बेट आहे. तेथेही पाहुणे येतात, पण आलिशान जहाजांतून. उसासाठी घातलेल्या चिमुकल्या रेल्वेत बसून ते बेट पाहतात. २००५ साली तेथील साखरधंदा बंद पडला. रेल्वे पर्यटकांसाठी उरली. त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम पिढ्यान् पिढ्या राबले. १८३४ मध्ये ब्रिटिशांनी गुलामगिरी कायद्याने संपवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली; गुलामांना नव्हे, मालकांना!

आपल्याकडे गुलाम नाहीत, असे कोणी म्हणेल. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारी गुन्हा ठरवली आहे. मग उचल म्हणजे काय? बीडकडचे जोडपे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत बांधले जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता! माणसाची मोजणीच हत्याराने होते. खाडा केला की दंड. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड भगिनी हजारोंच्या संख्येने आहेत, हे २०१९ मध्ये शासनाच्याच समितीसमोर आले. हे एका कारखान्याचे नव्हे, अवघ्या साखरपट्ट्याचे दुखणे आहे.

सहकारात ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस हवा, उसाला जमीन हवी. भूमिहीनाने काय करावे? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधून शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसण्याची मागणी केली, ती याचसाठी. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको!

सेंट किट्सचे मजूर नुसते रडत बसले नाहीत. त्यांनी संघटना बांधली, १९४८ मध्ये मोठा संप केला. साखर कारखान्यात राबलेला रॉबर्ट ब्रॅडशॉ १९६७ मध्ये तेथील पहिला प्रीमियर झाला. आमचा ऊसतोड बांधव मात्र मतदानाच्या दिवशीही अनेकदा परजिल्ह्यातील फडात असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. वारणेला जरूर जा, श्रीखंड जरूर आणा. पण वाटेत कोप्या दिसल्या तर गाडी थांबवा. तेथील पोरांची शाळा कोणती, ते विचारा. चळवळीचे काम तेथून सुरू होते.