चाकांवरचे घर समपातळीत का उभे करतात?

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया या भागांत सुट्टीमध्ये मोटरहोम घेऊन फिरायला जाण्याची पद्धत आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घरच. मोठ्या व्हॅनच्या किंवा बसच्या सांगाड्यावर झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि फ्रीज बसवलेला असतो. मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर ही मंडळी आधी गाडी समपातळीत आणतात. कोणी चाकाखाली पाचर सरकवतो, तर कोणी आत पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा पाहत असतो. जमीन थोडी उतरती असली तर एवढे काय बिघडते?

डोक्याकडची बाजू खाली गेली तर झोप लागत नाही, तव्यातले तेल एका कडेला जमते, मोरीतले पाणी निघून जात नाही. ही झाली गैरसोय. परंतु अनेक मोटरहोममध्ये एक वस्तू अशी असते, की ती कललेल्या गाडीत तासन्‌तास चालू ठेवली तर कायमची निकामी होऊ शकते. ती वस्तू म्हणजे फ्रीज.

पंप नसलेला फ्रीज

आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असतो. रानात मुक्काम असेल तर वीज कुठून आणायची? यासाठी मोटरहोममध्ये गॅसच्या लहानशा ज्योतीवर चालणारा फ्रीज वापरात आला. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधून काढला. त्यात एकही फिरता भाग नसतो आणि त्याचा आवाजही होत नाही. त्याच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तीनच मुख्य पदार्थ असतात.

तळाशी अमोनियाचे पाण्यातील द्रावण तापते. निघालेले बुडबुडे अरुंद नळीतून द्रावण वर ढकलतात. अमोनियाची वाफ सर्वांत वरच्या नळीत जाऊन थंड होते व तिचा द्रव बनतो. हा द्रव ओघळत फ्रीजच्या आतल्या नळीत येतो. तेथे हायड्रोजन भरलेला असल्याने एकूण दाबात अमोनियाचा वाटा फार थोडा असतो, म्हणून द्रव अमोनियाचे कमी तापमानालाही झपाट्याने बाष्पीभवन होते. दोरीवरचे ओले कपडे वाळण्यासाठी पाण्याला १०० अंशांपर्यंत तापावे लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता फ्रीजमधील पदार्थांतून घेतली जाते आणि ते थंड होतात. पुढे अमोनिया व हायड्रोजन यांचे जड मिश्रण खाली उतरते. वाटेत पाणी अमोनिया शोषून घेते, हलका हायड्रोजन पुन्हा वर जातो आणि द्रावण उतरत्या नळ्यांतून परत तापण्याच्या जागी येते.

म्हणजे बुडबुड्यांनी एकदा वर नेलेला द्रव पुढची सारी वाट गुरुत्वाकर्षणाने चालतो. त्यासाठी नळ्यांना बेताचा उतार मुद्दाम दिलेला असतो. गाडी कलली की हा उतार कमी होतो, कुठे उलटाही होतो. द्रव मधेच साचतो. तळाशी द्रावण पोहोचत नाही, ज्योत मात्र जळतच राहते. ती जागा प्रमाणाबाहेर तापते. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात बहुधा सोडियम क्रोमेट घातलेले असते. त्याचे घट्ट कण बनून नळी चोंदू लागते. नंतर गाडी सरळ केली तरी हे कण विरघळत नाहीत. प्रत्येक कललेल्या मुक्कामात नुकसानीची भर पडत जाते. गाडी चालू असताना मात्र कल सतत बदलतो, द्रव हिंदकळत राहतो, त्यामुळे घाटरस्त्याचा त्रास होत नाही.

अशा फ्रीजला साधारणपणे एका दिशेने ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. अलीकडे सौरपत्रे आणि लिथियम बॅटऱ्यांमुळे मोटरहोममध्येही कॉम्प्रेसरचे फ्रीज येऊ लागले आहेत. ते याहून बराच अधिक कल सहन करतात.

किती उचलायचे?

तीन अंश म्हणजे किती, हे त्रिकोणमिती न वापरताही काढता येते. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२८ सेंटीमीटर असतो. त्याला ३६० ने भागले की १ अंशाला सुमारे १.७५ सेंटीमीटर येतात. लहान कोनांसाठी हाच नियम पुरतो: दर मीटरला, दर अंशाला पावणेदोन सेंटीमीटर.

समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे, तर डाव्या आणि उजव्या चाकांत १.८ मीटर. जमीन पुढच्या बाजूला १ अंश आणि उजवीकडेही १ अंश उतरती आहे. मग पुढची बाजू ७ सेंटीमीटर आणि उजवी बाजू सुमारे ३ सेंटीमीटर उचलावी लागेल. मागचे डावे चाक आहे तेथेच राहील, मागचे उजवे ३, पुढचे डावे ७ आणि पुढचे उजवे ७ + ३ = १० सेंटीमीटर वर जाईल. कर्णाच्या टोकांवरील आकड्यांची बेरीज करून पाहा: ० + १० आणि ३ + ७. जमीन सपाट उताराची असेल तर या दोन्ही बेरजा समान येतात, कारण तीन बिंदूंनी प्रतल ठरते आणि चौथ्याची उंची त्यावरून आपोआप ठरते. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते, ते याच कारणाने. म्हणूनच एकच कोपरा जॅकने जोरात वर ढकलला तर गाडीचा सांगाडा पिळवटतो आणि दारे नीट लागत नाहीत.

पाणसळीतला बुडबुडाही हाच नियम पाळतो. तिची काचनळी किंचित वक्र असते आणि बुडबुडा नेहमी तिच्यातल्या सर्वांत उंच जागी जातो. वक्रतेची त्रिज्या १ मीटर असेल तर १ अंशाला बुडबुडा १.७५ सेंटीमीटर सरकतो. त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर सरकतो. नळी जितकी कमी वाकलेली, तितकी पाणसळ अधिक नाजूक कल दाखवते.

आधी अडवा, मग उचला

घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावलेला आपण पाहतो. येथेही पहिले काम तेच. अनेक गाड्यांत हातब्रेक फक्त मागच्या चाकांना धरून ठेवतो. उतारावर जॅक लावून मागची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली, तर चाके घट्ट धरलेली असूनही त्यांचे जमिनीशी घर्षण उरत नाही. पुढची चाके मोकळीच असतात. मग काही टनांची गाडी जॅकवरून घसरून चालू लागते. म्हणून मागची बाजू उचलायची असेल तर मागची चाके पाचरीवर चढवतात. त्यांचे वजन कशावर तरी टेकलेलेच राहिले पाहिजे.

वर्गात करून पाहा

तीन-चार मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या. गवंडी वापरतात तशीच. तिच्यात पाणी भरा, मात्र मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन विद्यार्थ्यांनी नळीची उघडी टोके शाळेच्या व्हरांड्यात भिंतीकडे आणि बाहेरच्या कडेला उभी धरावीत. दोन्ही टोकांतील पाण्याची पातळी एकच असते. जमिनीपासून त्या पातळीची उंची दोन्हीकडे मोजा. फरकाला अंतराने भागा आणि वरच्या नियमाने अंश काढा. व्हरांडा बहुधा बाहेरच्या बाजूला उतरता निघेल. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने तो उतार जाणून ठेवलेला असतो. मग विद्यार्थ्यांना विचारा: या व्हरांड्यात गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रीज ठेवायचा झाला, तर त्याच्या कोणत्या पायाखाली किती जाडीची फळी द्यावी लागेल?