पहिला क्रमांक कोणाचा ?

वर्षाचा सर्वोत्कृष्ट बोलपट कोणता, हा वाद आमच्या विद्यार्थ्यांत वारंवार ऐकूं येतो. १९५३ सालच्या बोलपटांचेंच उदाहरण घ्यावें. 'फिल्मफेअर' नियतकालिकाच्या वाचकांनीं मतें देऊन बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला अग्रस्थान दिलें. सरकारी परीक्षकांनीं मात्र १९५४ मध्यें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी बोलपटास दिलें, आणि 'दो बिघा जमीन'ला केवळ प्रशस्तिपत्र. मग चुकलें कोण ? आमच्या मतें कोणीच नाहीं. वाचकांपुढें हिंदी बोलपट होते; परीक्षकांपुढें अनेक भाषांचे. जो बोलपट स्पर्धेंतच नाहीं, त्यास मत पडणार कसें ? न पाहिलेल्या बोलपटास शेवटचा क्रमांक देणारे रसिकही आम्हांस पुष्कळ भेटतात. ती गोष्ट निराळी!