विषादाच्या पोटातील भय

विषादग्रस्त मनुष्य म्हटला की भिंतीला टेकून बसलेला, अन्नावरची वासना उडालेला, बोलणेचालणे टाकलेला असाच कोणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु परभणी जिल्ह्याच्या जिंतूर, सेलू वा गंगाखेड तालुक्यातील खेड्यांतून दवाखान्याची पायरी चढणारे कितीतरी रुग्ण या चित्रात बसत नाहीत. “जीव घाबरा होतोय, छातीत धडधडतंय, रातीला झोपच येईना,” एवढीच त्यांची तक्रार असते. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, पित्ताच्या गोळ्या मिळतात, आग्रहच केला तर सलाईनही लागते, आणि चार दिवसांनी तीच धडधड पुन्हा सुरू होते. शेतात जावेसे वाटते का, लेकरांत बसावेसे वाटते का, हे मात्र त्यांस कोणी विचारलेलेच नसते.

वस्तुतः वैद्यकशास्त्रास विषाद आणि चिंता यांचे हे साहचर्य नवे नाही. मनोवैद्य हॅमिल्टन यांनी १९६० साली विषादाच्या मोजमापाची जी पट्टी तयार केली, तीत मनातील भय आणि शरीरातून प्रकटणारे भय यांस स्वतंत्र रकाने होते. अमेरिकी मनोवैद्यांच्या २०१३ सालच्या नियमपुस्तकात तर विषादाच्या रुग्णात मनाचा ताण, विलक्षण अस्वस्थता, काळजीपायी चित्त एकाग्र न होणे, काहीतरी भयंकर घडणार ही धास्ती आणि आपला ताबा सुटेल ही भीती, यांपैकी दोन लक्षणे बहुतेक दिवस आढळली, तरी त्यांची वेगळी नोंद करावी, असे सांगितले आहे.

कर्जाचा हप्ता, सोसायटीचा तगादा, सोयाबीनचा पडलेला भाव ही काळजी खरीच असते, आणि तिला रोग म्हणणे हा अन्याय होईल. पण विम्याची रक्कम खात्यात जमा झाली, लेकीचे लग्न निर्विघ्न पार पडले, आणि तरीही पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वीच जाग येऊन काळजात धस्स होते, हातपाय गळतात, दिवस उजाडूच नये असे वाटते, तेव्हा प्रकरण काळजीच्या हद्दीबाहेर गेले असे समजावे. रक्तक्षय वा कंठग्रंथीचा विकार नाही, याची तपासणीही सोबत व्हावी.

या दुहेरी दुखण्यात आत्मघाताचा धोका अधिक असतो, आणि उपचारासही अवधी लागतो. विषादावरील औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या काही दिवसांत क्वचित अस्वस्थता वाढतेही, आणि नेमक्या त्याच वेळी, “गोळ्या मानवंनात” म्हणून घरची माणसे औषध बंद करतात. उलट झोपेच्या गोळीने त्याच रात्री आराम पडतो. म्हणून दुकानातून परस्पर आणलेली ती गोळी महिनोन्महिने चालू राहते, तिची सवय जडते, आणि मूळ विषाद जागचा हलत नाही. औषध लिहून देणाऱ्याने पहिल्या पंधरवड्यात काय होईल हे रुग्णाच्या घरच्यांसमोर स्पष्ट सांगणे, हे माझ्या मते औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

सरकारने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात परभणीचा समावेश आहे. त्यात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंवर अशी माणसे हेरण्याचे काम सोपविले आहे. उंबऱ्यावर बसून त्यांनी उदासीबरोबर धडधडीची आणि पहाटेच्या जागेचीही चौकशी करावी. ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार डोकावतो, त्यास एकटे न सोडता तत्काळ इस्पितळात न्यावे. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावयाचे झाल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतून बोलता येते.