झेडपीला पुन्हा उभं राहायचंय? आधी सोडत, मग पक्ष, मग मतदार

कुरकुंभ : निवडणुकीची चाहूल लागली की चौकाचौकात 'कार्यसम्राट' लिहिलेले फ्लेक्स लागतात. मावळते सदस्य लग्न, दहावा, वाढदिवस एकही चुकवत नाहीत. "काम केलंय ना, मग परत तेच निवडून येतील," असं पारावर बोललं जातं. पण झेडपीच्या गटात किंवा पंचायत समितीच्या गणात काम चांगलं असूनही माणसाला पुन्हा उभं राहता येईलच असं नाही. असं का होतं, ते समजून घेऊ.

कितीही वेळा उभं राहता येतं

झेडपी, पंचायत समिती किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य किती वेळा निवडून यावा याला कायद्यात मर्यादा नाही. वय 21 पूर्ण, मतदार यादीत नाव आणि अपात्रता नसेल तर माणूस दहा वेळा उभा राहू शकतो. खरी अडचण येते ती आरक्षणाची.

सोडतीत काय होतं?

पुणे जिल्हा परिषदेत 2017 च्या निवडणुकीत 75 गट होते. नव्या रचनेत 73 गट आणि पंचायत समित्यांचे 146 गण झाले. म्हणजे एका गटात दोन गण. महिलांसाठी निम्म्या जागा, त्यामुळे 73 पैकी 37 गट महिलांसाठी राखीव. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्या गटातील लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात. ओबीसी आणि महिलांच्या जागा ठरवताना चिठ्ठ्या काढल्या जातात, बहुतेक वेळा शाळेतल्या लहान मुलाच्या हातून. राज्यभर ही सोडत 13 ऑक्टोबर 2025 ला निघाली.

आरक्षण फिरतं राहतं, त्याला चक्राकार पद्धत म्हणतात. 2025 च्या नव्या नियमांत ही निवडणूक 'पहिली' धरली गेली, म्हणजे चक्र नव्याने सुरू झालं. त्यामुळे "मागच्या वेळी आपला गट राखीव होता, आता खुला होणार" हा अनेकांचा हिशोब चुकला. त्यावर काही जण हायकोर्टात गेले, पण नियम कायम राहिले.

गट गेला की वाटा तीन

पहिली वाट, शेजारचा गट. जिल्ह्यातल्या दुसऱ्या गटातून उभं राहता येतं, पण तिथले इच्छुक आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले असतात. दुसरी वाट, गट सोडून गणात किंवा गणातून गटात जाणं. तिसरी वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. जागा महिलेसाठी निघाली की पत्नी, आई किंवा सून उभी राहते आणि फ्लेक्सवर फोटो मात्र साहेबांचाच मोठा असतो.

याचा फटका महिलांनाही बसतो. पाच वर्षांत जिला कारभार कळला, तिचा गट पुढे खुला झाला की पक्ष म्हणतो, "आता पुरुषाला द्या." पण मुंबई महापालिकेचा अनुभव वेगळं सांगतो. तिथे 1997 ला राखीव असलेले काही वॉर्ड 2002 ला खुले झाले. राखीव नसलेल्या वॉर्डांशी तुलना केली, तर अशा वॉर्डांत महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. संधी मिळाली की मतदार स्वीकारतात, अडतं ते तिकिटापाशी. तामिळनाडूत आरक्षण दर पाच वर्षांनी न फिरवता दहा वर्षं एकच ठेवतात, म्हणजे सदस्याला त्याच जागेवर दुसऱ्यांदा कौल मागता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

कागद नीट नसले तर घरीच

जागा सुटली तरी पुढच्या गोष्टींवर अर्ज किंवा पद जाऊ शकतं :

- 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर अपात्र.
- मागच्या निवडणुकीचा खर्च निकालानंतर 30 दिवसांत सादर केला नसेल तर आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. हरलेल्यालाही हे लागू आहे.
- राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडच रद्द होते.
- ग्रामपंचायतीत सरकारी जागेवरचं अतिक्रमण महागात पडतं. ते घरातल्या दुसऱ्याने केलं असलं आणि सदस्य त्याचा वापर करत असला तरी पद जातं, असं सुप्रीम कोर्टाने 2018 ला स्पष्ट केलं.

चार वर्षांची कोरी पाटी

यावेळी हिशोब मागणंही अवघड आहे. पुणे झेडपीची मुदत मार्च 2022 ला संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकल्याने तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे गेला. सुप्रीम कोर्टाने 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं आणि पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत वाढवली. या मधल्या काळातलं काम "मीच केलं" असं सांगणारे माजी सदस्य भेटले, तर तेव्हा सभागृहच नव्हतं हे लक्षात ठेवा.

मग विचारायचं काय?

आधी काम कोणाचं ते ओळखा. पुणे-सोलापूर महामार्ग केंद्राचा आहे. कुरकुंभ एमआयडीसीतले रस्ते एमआयडीसीचे, तर रासायनिक सांडपाण्यावर कारवाई करणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. सदस्य पाठपुरावा करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. झेडपीच्या हातात शाळेच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावाकडचे रस्ते आणि पाणी योजना असतात. त्यामुळे प्रश्नही त्यावरच हवेत : 2017 ते 2022 मध्ये आमच्या शाळेला काय आणलं? उपकेंद्रात नर्स थांबावी म्हणून किती वेळा पत्र दिलं? सभेत किती वेळा बोललात?

मोबाईलवरही बघता येतं. उमेदवाराचं शपथपत्र राज्य निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो. त्यात मालमत्ता आणि गुन्हे असतात. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज'वर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीचा होता, 10 टक्के पंचायत समितीचा आणि 10 टक्के झेडपीचा. म्हणून सरपंच आणि सदस्य पुन्हा मत मागायला आले तर हा हिशोब आधी उघडून ठेवा.

उमेदवार नवा असो, जुना असो किंवा जुन्याच्या घरातला, शपथपत्रात नाव ज्याचं, त्यालाच प्रश्न विचारा. उत्तर शेजारी उभा असलेला माणूस देऊ लागला, तर पुढची पाच वर्षं कारभार कोण बघणार हे तिथेच कळेल.