आमचा ओटा चार इंच वर जातो!

स्वयंपाकघर या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न वाचक-भगिनींनी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. चहा आणि अडीअडचणीला पिठले, एवढीच माझी पाककलेतली मजल. परंतु 2023 च्या उन्हाळी सुट्टीत आमच्या डोंबिवलीच्या घरातले स्वयंपाकघर मी स्वतः, म्हणजे जमेल तेवढे स्वतः, नवे केले. आणि त्या नऊ फूट बाय सात फूट खोलीविषयी त्या पंचवीस दिवसांत मला जे कळले, ते आधीच्या वीस वर्षांच्या संसारात कळले नव्हते.

प्रकरण सुरू झाले ते पाठदुखीपासून. सौ. बँकेत नोकरी करते. सकाळचे दोन तास ओट्यापाशी, मग लोकल, मग बँकेतली खुर्ची. खुर्ची बदलून घेतली, गादी बदलली, तेल झाले, शेक झाला, पाठ काही ऐकेना. अखेर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सहज विचारले, "तुमचा ओटा किती उंच आहे हो?" आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. घराचे क्षेत्रफळ, कर्जाचा हप्ता, सोसायटीची थकबाकी सारे आम्हांला तोंडपाठ. पण ओट्याची उंची?

घरी येऊन टेप लावली. बरोबर तीस इंच. आणि सौ.ची उंची पाच फूट पाच इंच.

हे तीस इंच आले कोठून? आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "गवंडी बत्तीस म्हणत होता. ह्यांनी मला इथं उभं केलं, हातात पोळपाट दिला आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली. म्हणाले, ओटा इथं." ही 1985 सालची गोष्ट. आईची उंची चार फूट दहा इंच. माझे वडील साधे कारकून. त्यांना जे सुचले ते एम. ए. झालेल्या मला वीस वर्षांत सुचले नव्हते.

"मग तू कधी बोलली का नाहीस?" मी सौ.ला विचारले.

"आईंचा ओटा तो," ती म्हणाली. "त्यात बोलायचं काय?"

यावर आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने माळ उचलून म्हणाली, "फोडून टाका. मी आता कितीशी उभी राहते!" ते वाक्य काही मला बरे वाटले नाही.

प्रथम रीतसर एका कंत्राटदाराला बोलावले. एक चुणचुणीत तरुण आला. त्याने टॅबवर पंधरा चित्रे दाखवली आणि तीन लाख चाळीस हजारांचा आकडा सांगितला. मूठ नसलेली कपाटे, न वाजता मिटणारे खण, सारे काही होते. ओट्याची उंची विचारली तेव्हा म्हणाला, "स्टँडर्ड असते, सर." कोणाची, हे त्याला सांगता येईना. माझ्यापाशी होते साठ हजार. त्यांतले काही पेपर तपासल्याचे, काही आवर्तक ठेवीचे. तेव्हाच ठरवले, की आपणच करावे.

मुळात उभ्याने स्वयंपाक ही आपल्याकडची जुनी चाल नव्हे. चूल, शेगडी, वातीचा स्टोव्ह सगळे जमिनीवर, आणि करणारी पाटावर. 1955 साली मुंबईत सिलिंडरचा गॅस विकावयास आला, इमारतींतून ओटे झाले, आणि बायका हळूहळू उभ्या राहिल्या. पाटाला मापाची अडचण नव्हती; उंच असो की ठेंगणी, बसल्यावर फरक थोडा पडतो. ओट्याने मात्र एकच उंची सर्वांवर लादली. स्वयंपाकघराच्या आखणीला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत मार्गारेट शुट्ट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंचे नाव अग्रभागी आहे. 1926 साली त्यांनी फ्रँकफर्टच्या कामगारवस्त्यांसाठी आखलेले स्वयंपाकघर अवघे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होते, म्हणजे आमच्याएवढेच म्हणा ना. तशी सुमारे दहा हजार झाली. गंमत अशी, की तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे बाईंनीच पुढे सांगितले. मला धीर आला! मात्र त्यांनी बसून करावयाच्या कामांसाठी फिरते स्टूल ठेवले होते, हेही मी टिपून ठेवले.

नियम असा सांगतात, की उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग असावा. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे यांत अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून तेथे आणखी थोडे खाली. पण नियमावर भिस्त न ठेवता आम्ही प्रयोग केला. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड माझ्यापाशी आहेत. एक खंड ओट्यावर ठेवला, त्यावर पोळपाट. सौ.ने तीन पोळ्या लाटल्या. "अजून एक." दुसरा खंड आला. तिसऱ्या पोळीला ती एकदम सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "हं, इथं." टेप लावली तर चौतीस इंच आणि वर एक दोरा. कोशकारांनी पीठ लागल्याबद्दल मला क्षमा करावी.

प्रश्न उरला आईचा. तो शेगडीने सोडवला. आमचा ओटा काटकोनात आहे, भिंतीलगत सात फूट आणि खिडकीकडे वळून तीन फूट. गॅसची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यावर पातेले. म्हणजे जिथे शेगडी तिथे ओटा खालीच हवा, नाहीतर ढवळणाऱ्याचा खांदा वर चढतो. मग सगळा ओटा उचलायचा कशाला? सात फुटांचा भाग वर न्यावा, तीन फुटांचा तीसच इंचांवर ठेवावा आणि शेगडी तिथे नेऊन बसवावी. सौ.ला शेगडी योग्य उंचीवर, आईला तिचा ओटा जागच्या जागी, आणि खर्च कमी. फक्त सिलिंडर शेगडीच्या पातळीच्या खाली उभा राहील, आणि त्या कप्प्याच्या दाराला तळाशी भोके असतील, हे पाहिले. हा वायू हवेपेक्षा जड; गळला तर जमिनीलगत साठतो, वरच्या जाळीचा तिथे उपयोग नाही. रबरी नळीवरची तारीख पाहिली तर पाच वर्षे केव्हाच उलटून गेलेली. ती त्याच दिवशी बदलली.

दगड उचलणे हे माझे काम नव्हे, इतपत अक्कल मला होती. गवंडी आणि मदतनीस तीन दिवस आले. जुना कडाप्पा अलगद सुटा केला, खालच्या भिंतींवर विटांचा एक आडवा थर दिला, दगड पुन्हा बसवला आणि वर काळ्या ग्रॅनाइटची फरशी. तीन इंच वीट, अर्धा इंच माल, पाऊण इंच ग्रॅनाइट, हिशेब जमला. कडाप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग धरतो. ग्रॅनाइटला ते भय नाही. आईच्या बाजूला मात्र कडाप्पाच राहू दिला. खलबत्त्याच्या घावांनी पडलेला खळगा अजून तिथे आहे.

एक गोष्ट कोणीच आधी सांगितली नव्हती: ओटा चार इंच वर गेला की नळ चार इंच खाली येतो! नव्या सिंकमध्ये मोठी कढई नळाखाली शिरेना. नळकाम दुसऱ्यांदा करावे लागले.

माझा स्वतःचा पराक्रम रंगाचा. भिंतीवर तेलकट वाफेचा अडतीस वर्षांचा थर होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला आणि झोकात दोन हात मारले. तिसऱ्या दिवशी रंग पापडासारखा सुटून आला. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंती घासल्या, दोनदा स्वच्छ पाण्याने धुतल्या, वाळू दिल्या, खरकागद मारला आणि मग रंग. फरशांच्या काळ्या पडलेल्या सांध्यांतले पांढरे सिमेंट करवतीच्या जुन्या पात्याने खरवडून इपॉक्सी भरले. गुडघे टेकून केलेले हे काम कंटाळवाणे खरे, पण जुन्या फरशा नव्यासारख्या दिसू लागल्या आणि फोडण्याचा खर्च वाचला.

तोवर सगळे स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीत मांडले होते. सौ.ने फर्मान काढले, की जे लागेल तेवढेच उचलायचे, बाकी हलवायचे नाही. त्र्याहत्तर डबे होते. महिन्याअखेर एकतीस जागचे हलले नव्हते. एकात 2011 सालची पावती निघाली, फक्त पावती.

एकूण खर्च अठ्ठावन्न हजार दोनशे. त्यांत ट्रॉल्या, सिंक, नळकाम, दिवे, पंखा, सुतार, दोनदा रंग हे सारे आले. ज्या चार इंचांसाठी हा खटाटोप मांडला, त्यांचा गवंडी, वीट-सिमेंट आणि दगड मिळून खर्च बारा हजार तीनशे.

पंधरा दिवसांनी मी सौ.ला मोठ्या आशेने पाठीविषयी विचारले. "पाठ बरीच बरी आहे," ती म्हणाली, "आता टाचा दुखतात." ओट्यासमोर जाड रबरी चटई टाकली.

आई आता सकाळचा पहिला चहा स्वतः करते. तिची एकच तक्रार होती. मी मोठ्या हौसेने बसवलेल्या फळीवरचा साखरेचा डबा तिच्या हाताला येत नव्हता, आणि तीन दिवस ती बिनसाखरेचा चहा पीत होती. ते कळल्यावर मी मुलाच्या दप्तरातून खडू आणला, आईला फळीपाशी उभे केले, हात वर करायला सांगितला आणि भिंतीवर रेघ मारली. रविवारी फळी सात इंच खाली आली.