अक्षरओळख : कानाची आणि हाताची

मूल शाळेत जाऊ लागले, की आठवडाभरातच घरातून विचारणा सुरू होते : ‘काही लिहिता येऊ लागले का?’ चौकटीच्या वहीत ‘अ’ नीट उतरला नाही, तर मूल मंद आहे असे ठरवून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. वस्तुतः अक्षर ओळखणे आणि अक्षर काढणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम कानाचे व डोळ्यांचे, दुसरे हाताचे. आणि ही दोन्ही एकाच वेळी परिपक्व होत नाहीत.

आपली वर्णमाला ही कानासाठी केलेली अत्यंत शास्त्रशुद्ध मांडणी आहे. ‘क’वर्ग कंठाशी उमटतो, तेथून टाळू, मूर्धा व दात असे टप्पे घेत उच्चार ‘प’वर्गात ओठांवर येऊन पोहोचतो. परंतु हा क्रम हाताच्या सोयीचा नाही. प्रारंभीचा ‘अ’ आणि पहिले व्यंजन ‘क’ यांत वळणे अधिक. उलट उशिरा येणारे ‘म’ आणि ‘न’ काढावयास सोपे. म्हणूनच मराठी शिक्षकांनी ‘ग म भ न’ हा आकारसाम्याचा क्रम स्वीकारला. त्यातील तीनच अक्षरे आली, तरी मूल ‘मन’, ‘मग’, ‘नमन’, ‘गगन’ असे अर्थपूर्ण शब्द वाचू लागते. अर्थ हाती लागला, की शिकण्यात गोडी येते.

हातालाही स्वतःचे वय असते. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात. ती क्रमाक्रमाने कठीण होतात, आणि शेवटचे हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. सामान्यतः मूल तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण पाहून काढू शकते. चार वर्षांच्या बालकाची तिरपी रेघ ढळली, तर तो दोष बुद्धीचा नव्हे.

पुष्कळ चुकांच्या मुळाशी मुलाचा प्रामाणिकपणाच असतो. ‘कि’ उच्चारताना ‘क’ आधी ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी आधी दिसते. कानावर विश्वास ठेवणारे मूल वेलांटी नंतर देते. ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ कानाला वेगळे, पण अक्षर एकच. अशा ठिकाणी छडीपेक्षा खुलाशाची गरज अधिक.

जुन्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीवर चुकलेले अक्षर क्षणात पुसले जाई. चूक मागे उरत नसे. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये बालगृह उघडले. तेथे खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुले बोट फिरवीत. पेन्सिल हाती येण्यापूर्वीच वळण बोटांत मुरे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापून ही दृष्टी आपल्याकडे रुजविली. पुढे 1945 पासून बोर्डी येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून तीच साधने उभी केली. गरिबाच्या मुलाला हे शिक्षण परवडत नाही, हा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला.

महाराष्ट्राबाहेर हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. लिपी तीच, परंतु हिंदीच्या नित्य वर्णमालेत ‘ळ’ नाही. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला भेद त्याला घरीच ऐकवावा लागतो. त्यासाठी वही लागत नाही. रोजचे बोलणे, गाणी आणि गोष्टी पुरतात.

तेव्हा क्रम असा असावा : प्रथम अक्षर कानी पडावे, मग त्यावरून बोट फिरावे, आणि अखेरीस पेन्सिल हाती यावी. वळणदार अक्षर सरावाने पुढेही साधते. परंतु पाटीवरच्या पहिल्या अपयशाने ‘मला येत नाही’ ही समजूत मुलाच्या मनात रुजली, तर ती पुसून टाकणे धूळपाटीइतके सोपे नसते.