उसाचं आंदोलन दिवाळीच्या तोंडावरच का पेटतं?

मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते, ती म्हणजे एकाच पिकावर उभा असलेला अख्खा देश. एल साल्वादोरचं सगळं कॉफीवर चालायचं. 1929 नंतर कॉफीचा भाव कोसळला, जानेवारी 1932 मध्ये शेतमजुरांचा उठाव झाला आणि लष्कराने हजारो माणसं मारली. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

बारामती-इंदापुरात तसं पीक म्हणजे ऊस. एवढी टोकाची वेळ इथे आली नाही, पण माणसं इथेही गेली आहेत.

12 नोव्हेंबर 2012, ऐन दिवाळी. पहिली उचल टनाला 3000 रुपये हवी म्हणून खासदार राजू शेट्टी इंदापुरात आंदोलनाला बसलेले. इंदापूरच का? तर तेव्हाचे सहकारमंत्री हर्षवर्धन पाटील इथलेच आमदार. शेट्टींना अटक झाली आणि आंदोलन भडकलं. त्यात दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. एक सांगली जिल्ह्यात वसगडे इथे पोलिसांच्या गोळीबारात, दुसरा इंदापूर तालुक्यात वाहनाखाली येऊन.

आता 3000 चा आकडा कुठे आणि सरकारी दर कुठे बघा. त्या हंगामाची एफआरपी साडेनऊ टक्के उताऱ्याला टनाला 1700 रुपये होती. उतारा वाढला की दर वाढतो, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते.

मग वेळ दिवाळीचीच का? कांदा चाळीत ठेवता येतो, ऊस नाही. तोडला की वजन घटायला लागतं, साखर उतरते. उभा ठेवला तर तुरा येतो, पुढच्या पिकाला रान मोकळं होत नाही. म्हणजे बॉयलर पेटून टोळ्या फडात शिरेपर्यंतचे काही आठवडे, तेवढाच काय तो शेतकऱ्याचा जोर. ऊस एकदा काट्यावर गेला की बोलणी संपली. कायदा म्हणतो 14 दिवसांत पैसे द्या, नाहीतर 15 टक्के व्याज. पण कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवून उचल देतो. साखरेचा भाव पडला की तारणाची किंमतही पडते, आणि सोसायटीचं कर्ज मात्र ऊसबिलातून आधी वळतं होतं.

गंमत म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती हे सगळे सहकारी कारखाने. कागदावर मालक कोण? ऊस घालणारा सभासदच. म्हणजे तो मोर्चा काढतो तो स्वतःच्याच कारखान्यावर! पण मालक असल्यामुळे त्याच्याकडे मतही आहे. 2015 मध्ये माळेगावच्या सभासदांनी खुद्द अजित पवारांचं पॅनेल पाडलं, तेही बारामती तालुक्यात.

उतारा नेमका मोजतात कसा आणि त्यावर शेतकऱ्यांचा विश्वास का नसतो, ते पुढच्या भागात.